थोरलीची पाव चक्कर

आत्यानं वाहन तपासणी कार्यालयाची भिंत पाडली. पूर्वेकडची. खिडकीसकट, आणि खिडकीत ठेवलेल्या निवडुंगाच्या कुंडीसकट.

आता हे वाक्य खोडून टाका. असं काही झालेलं नाही. कार्यालयाच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे 'विशेष काही नाही' असं लिहिलंय, खाली सही आहे, सहीखाली शिक्का आहे आणि शिक्क्यावर विटांची धूळ आहे. शिक्का मारलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा, असं मला लहानपणापासून शिकवलं गेलंय. तेव्हा भिंत उभी आहे असं धरून पुढे वाचा. मीही तसंच धरून लिहितेय, फक्त दातओठ खात.

आमच्या घरी एक जीप आहे. ती माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी घरात आली, म्हणून तिला थोरली म्हणतात आणि मला धाकटी. बाबांनी हा विनोद मी जन्मले त्या दिवशी केला आणि अजून मागे घेतलेला नाही. थोरली आत्याची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, गुरांची डॉक्टर. डोंगरावर सात वस्त्या आहेत आणि तिथल्या गाई, मेंढ्या, खेचरं यांना आत्याखेरीज दुसरा डॉक्टर माहीत नाही. माहीत असता तरी उपयोग नव्हता, कारण डांबरी रस्ता पहिल्या वस्तीच्या खाली संपतो. पुढे दगडांची वाट, चाळीस वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला भरपूर हवा. त्या वाटेवर चढणारी गाडी एकच, थोरली. सुट्टी लागली की आत्या मला शेजारी बसवून न्यायची. वर जाताना माझी जागा दरीच्या बाजूला, कारण आत्याच्या मते देखावा तिकडून चांगला दिसतो.

थोरलीच्या स्टीअरिंगमध्ये ढील होती. चाक पाव चक्कर फिरवलं तरी पुढच्या टायरांपर्यंत बातमी पोचायची नाही. पाव चक्कर फुकट गेली की मग कुठं टायर हळूच मान वळवायचे, सकाळी आठव्या हाकेला उठणाऱ्या माणसासारखे. आमच्या घरात कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. आत्यानं त्याची पद्धत बसवली होती. वळण यायच्या आधी, दोन हात अलीकडेच, चाकाला पाव चक्कर देऊन ठेवायची, मनात एक-दोन म्हणायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. ब्रेक लावायचा नाही, चढावर गाडी मागे घसरते. मी अठराव्या वर्षी गाडी शिकले ती हीच.

"थोरलीला आधी कल्पना देऊन ठेवावी लागते," आत्या म्हणायची. "वयानं मोठी आहे. तिला ऐनवेळी हुकूम सोडलेला आवडत नाही."

मला वाटायचं सगळ्याच गाड्यांचं असं असतं. मैत्रिणीची गाडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी तिच्या फाटकाचा खांब वाकवला आणि वर तिलाच ऐकवलं की तुझी गाडी फार आगाऊ आहे. हे मी तेव्हाच नीट लक्षात घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. आमच्या घराण्याची चूक कुठली, तर हीच. आमच्या गाडीत खोट असते तेव्हा आम्ही बाकीच्या जगाला नावं ठेवतो.

दर वर्षी थोरलीची तपासणी व्हायची. अकरा वर्षं एकच साहेब तपासायचे. त्यांना मी टिचकीसाहेब म्हणते, कारण ते बॉनेटवर एक टिचकी मारायचे, कान देऊन आवाज ऐकायचे, म्हणायचे, "ठणठणीत!" आणि शिक्का मारायचे. वाकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा पेन एकदा थोरलीखाली गेला तर त्यांनी नवा पेन मागवला. अकरा वर्षांचे अकरा शिक्के आमच्याकडे फाइलमध्ये आहेत आणि प्रत्येकात 'स्टीअरिंग : उत्तम' असं छापल्यासारखं लिहिलेलं आहे.

यंदा टिचकीसाहेबांना बढती मिळाली. ते कार्यालयाचे प्रमुख झाले आणि पूर्वेकडच्या खोलीत, जिची भिंत पडलेली नाही, तिथं बसू लागले. आवारात नवा तपासनीस आला. काटकुळा, तिशीचा, हातात बॅटरी. तो आला तसा सरळ जमिनीवर आडवा झाला आणि थोरलीखाली शिरला. आत्या घाबरली. तिला वाटलं त्याला चक्कर आली.

"अहो, पाणी आणा कुणीतरी!"

"मॅडम, मी तपासतोय," खालून आवाज आला. "चाक हलवा जरा."

आत्यानं चाक हलवलं.

"हलवलंत का?"

"कधीच."

"इथं काही आलं नाही."

"येईल की. जरा दम धरा."

तो बाहेर आला, कपडे झटकले आणि कागदावर लिहू लागला. "याच्यात प्ले आहे. ढील. जवळजवळ पाव चक्कर."

"ते आम्हाला माहितीये. नवीन काय सांगितलंत?"

"ही गाडी तुम्ही डोंगरावर नेता?"

"नाही, कडेवर घेऊन जाते," आत्या म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं एकवीस दिवसांची नोटीस दिली. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही. दुरुस्त करून पुन्हा दाखवायची. दुसऱ्यांदा नापास झाली तर वयोमानानुसार गाडी मोडीत, म्हणजे तिचे चार तुकडे करून भट्टीत. आणि थोरली गेली की सात वस्त्यांची डॉक्टरही गेली, कारण पायी चढून एका मेंढीपर्यंत पोचायला आत्याला दीड दिवस लागला असता, आणि आजारी मेंढीला एवढी सवड नसते.

घरी येताना, म्हणजे भाड्याच्या टेम्पोवर थोरलीला चढवून आणि स्वतः मागे बसून येताना, मी इतकी संतापले होते की मला भूक लागली. त्याचं म्हणणं चूक असतं तर मी अर्ज लिहिला असता. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, म्हणून तर आत्या मला कारकून म्हणते. पण तो शहाणा बरोबर होता. बरोबर असलेल्या माणसाविरुद्ध अर्ज कसा करायचा, याचा नमुना कुठंच मिळत नाही.

गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रीचं गॅरेज आहे. मिस्त्री साठीचा, आत्याच्या वर्गात होता असं तो म्हणतो, नव्हता असं आत्या म्हणते. पूर्वी थोरली दुसरीकडे जायची, कारण मिस्त्री फार खोलात जातो अशी त्याची बदनामी होती.

"बस आत," तो मला म्हणाला. "चाक डावीकडे-उजवीकडे. हळू. मी थांब म्हटलं की थांब."

तो खाली शिरला. मी चाक हलवायला लागले. प्रत्येक सांध्यावर तो बोट ठेवायचा. सांध्याच्या अलीकडचा दांडा हलतो आणि पलीकडचा हलत नाही, म्हणजे ढील तिथं राहायला आहे.

"हलव. थांब. हलव. अगं हलव की!"

"हलवतेच आहे!"

"मग बाई, हिचं चाक नुसतं शोभेला आहे."

"हे बघ मिस्त्री," आत्या बाहेरून म्हणाली, "दर वेळी स्क्रू आवळून घेते मी. गेल्याच वर्षी आवळलाय."

खालून पान्याची करकर आली. मग मिस्त्रीचं तोंड बाहेर आलं, ग्रीसनं माखलेलं आणि चिडलेलं.

"कुणी आवळला?"

"चौकातल्यानं. त्याच्या आधी पंपाजवळच्यानं. त्याच्या आधी..."

"सगळ्यांनी एकच स्क्रू पिळलाय. ढील सांध्यात, आणि हे शहाणे वरच्या पेटीचा स्क्रू पिळतायत! दात दुखतो म्हणून दर वर्षी टोपी घट्ट करत होतात तुम्ही. आता पेटीचाही जीव गेलाय. मधे अडकतं, कडेला सैल."

"मग बरं वाटायचं ते कसं?" आत्यानं विचारलं.

"आठवडाभर वाटत असेल."

आठवडाभरच वाटायचं.

थोरलीच्या पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दोन दांड्या आहेत, दोन्हींना दोन-दोन टोकं. प्रत्येक टोकाला एक सांधा, वाटीत गोटी बसवावी तसा. गोटी वाटीत फिरते म्हणून चाक वळतं आणि गोटी वाटीतून निघत नाही म्हणून चाक गाडीचं ऐकतं. मिस्त्रीनं पहिला सांधा सोडवला. दोन हातोडे घेतले, एक मला दिला, "मी मारला की त्याच क्षणी समोरून मार," म्हणाला. चौथ्या ठोक्याला टोक सुटलं. त्यानं वरचं रबर सोललं आणि दोन बोटांनी गोटी उचलून बाजूला ठेवली. जोर नाही, अवजार नाही. डबीतून सुपारी घ्यावी तशी ती बाहेर आली.

त्यानं गोटी आणि वाटी कामाच्या टेबलावर आत्यासमोर ठेवली. गोटी एका बाजूनं चपटी झाली होती. वाटीची कड कागदासारखी पातळ.

"हिला धरून कशानं ठेवलं होतं?" मी विचारलं.

"चिखलानं," मिस्त्री म्हणाला. "आणि या रबरानं. रबर अजून चांगलं आहे बरं का."

"आणि सुटली असती तर?"

"चाक आपल्या मनानं वळलं असतं. सपाटीवर खड्ड्यात. तुमच्या वाटेवर..." त्यानं हात पुसले. "कुठल्या वळणावर ते चाकानं ठरवलं असतं."

आत्यानं गोटी उचलली आणि हातात फिरवली. तिनं आयुष्यभर गुरांचे गुडघे, खुबे तपासलेत. सांधा निखळला की काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग थोरलीच्या डावीकडच्या सीटकडे, जिथं मी अकरा वर्षांची असल्यापासून देखावा बघत बसत आले होते. मग तिनं गोटी खाली ठेवली आणि म्हणाली, "चहा सांग रे कुणाला तरी."

मी घरी जाऊन फाइल काढली. अकरा कागद. स्टीअरिंग : उत्तम. स्टीअरिंग : उत्तम. एका वर्षी तर 'अति उत्तम'. त्या वर्षी बॉनेट जरा जास्त खणखणीत वाजलं असणार. मला खरोखर राग आला तो तेव्हा. सुरुवातीपासून मी रागावलेय, पण तो राग हात धुतल्यावर जाणारा होता. हा वेगळा. त्या माणसाला आमचं वाईट करायचं असतं तरी एक वेळ समजलं असतं. त्याला फक्त वाकायचं नव्हतं.

दुरुस्तीला सोळा दिवस लागले. त्यातले बारा सुटे भाग शोधण्यात गेले. दुकानदारानं गाडीचं साल ऐकलं आणि म्हणाला, "संग्रहालयात बघा." मी संग्रहालयात फोन केला. तिथला माणूस फार सभ्य होता, पण त्याच्याकडे बैलगाडीच्या पुढचं काही नव्हतं. शेवटी मिस्त्रीनं एका ट्रॅक्टरवाल्याकडून मापाचे चार सांधे मिळवले. मग पेटी उघडून आतला झिजलेला दांडा आणि तो ज्या कड्यात फिरतो ते बुश बदललं, तो छळलेला स्क्रू मूळ जागी आणला, प्रत्येक नटाला नवी पिन घातली आणि दोन्ही चाकांमधलं अंतर दोरी ताणून पुढून-मागून मोजलं. जुने सांधे त्यानं एका पत्र्याच्या डब्यात घालून आत्याला दिले. ही त्याची पद्धत. काढलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे तो नंतर 'काय केलंस' असं विचारत नाही.

आणि मग तो एक वाक्य म्हणाला. ते जर आत्यानं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपून तुम्ही आपापल्या कामाला लागला असता.

"बाई, आता या मागच्या मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं चालवून बघा. गाडी बदललीय. डोक्याला कळतं, हातांना नाही कळत."

"मला गाडी शिकवतोस?"

"शिकवत नाही. हातांना सांगायला सांगतोय."

"अठ्ठावीस वर्षं चालवतेय मी ही गाडी! एक ओरखडा दाखव!"

"तेच तर म्हणतो. अठ्ठावीस वर्षं जी चालवलीत ती ही नाही."

"कारकून," आत्या मला म्हणाली, "याला म्हणावं, तुझं काम झालं. टेम्पो बोलाव."

"आत्या, पंधराच मिनिटं..."

"तूसुद्धा?"

मी टेम्पो बोलावला. हे मी लपवत नाही. लहानपणापासून आत्याच्या 'तूसुद्धा'ला उत्तर असलेलं मी कुणी पाहिलेलं नाही. बाबा तर त्या शब्दाला भिऊन पन्नाशीतही डोक्याला तेल लावतात.

टेम्पोचं काय, तर थोरलीला रस्त्यावर चालायला बंदी होती. ती चालू शकते हे सिद्ध करायला तिला न चालता जायचं होतं. त्यामुळे दुरुस्तीनंतर आत्यानं थोरलीचं चाक पहिल्यांदा हातात धरलं ते थेट कार्यालयाच्या आवारात, शेजारी काटकुळा तपासनीस बसलेला असताना.

आधी तो खाली शिरला. बराच वेळ राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "चारही सांधे नवे. कुणी केलं काम?"

"आहे एक. बोलतो फार," आत्या म्हणाली.

"आता त्या दोन पिंपांभोवती इंग्रजी आठ काढून दाखवा. मग झालं."

मी भिंतीशी, माफ करा, भिंत जिथं व्यवस्थित उभी आहे तिथून जरा बाजूला उभी होते. आत्यानं गाडी सुरू केली. मान ताठ, कोपर खिडकीत. पहिल्या पिंपाच्या दोन हात अलीकडे तिनं सवयीनं पाव चक्कर दिली. तिचे ओठ हललेले मला दिसले. एक. दोन नाही दिसलं. थोरली तत्क्षणी वळली, पिंपाच्या अलीकडून. अठ्ठावीस वर्षांत ती पहिल्यांदा पहिल्या हाकेला 'ओ' देत होती. आत्यानं दचकून चाक उलटं फिरवलं, अर्थात पाव चक्कर जास्तच, आणि थोरलीनं तेही ऐकलं. आणि वळणात आहोत म्हटल्यावर आत्याच्या पायानं जे करायचं ते केलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

भिंत एकेरी विटेची होती. तीही टिचकी मारूनच पास केलेली असावी.

धूळ खाली बसायला वेळ लागला. आत खुर्चीवर टिचकीसाहेब बसले होते, हातात शिक्का तसाच उचललेला. थोरलीचं बॉनेट त्यांच्या टेबलाला अगदी हलकं टेकलं होतं. निवडुंग बंपरवर. कुणाला काही लागलं नव्हतं. काटकुळ्या तपासनीसानं मांडीवरच्या कागदावरची वाळू फुंकली आणि लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं. 'स्टीअरिंग : ढील नाही. प्रतिसाद तात्काळ. पास.'

"पास?" आत्यानं विचारलं.

"गाडी पास आहे, मॅडम," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

टिचकीसाहेब हळूच उठले. समोर आलेल्या बॉनेटकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा हात आपसूक पुढे गेला. देवाशपथ सांगते, त्यांनी टिचकी मारली.

त्यानंतर अर्ध्या तासात जे घडलं त्यात मला सुरुवातीला काही समजलं नाही आणि नंतर सगळंच समजलं. भिंत पडली असं लिहिलं असतं तर चौकशी आली असती. चौकशी आली की भिंत कुणी तपासली हा प्रश्न आला असता, आणि आत्याला इतक्या वर्षांत गाडीची असली सवय कशी लागली हाही प्रश्न. तेव्हा भिंत पडली नाही. ती 'नियोजित दुरुस्तीसाठी मोकळी करण्यात आली'. नोंदवहीत विशेष काही नाही. आणि मग टिचकीसाहेबांनी दुसरा कागद ओढला आणि आत्याचा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला. कारण : वाहनावर ताबा नसणे.

"कधी नव्हता ताबा?" मी विचारलं.

"आज."

"आज काय झालं?"

"आज विशेष काही झालेलं नाही," ते म्हणाले आणि मोकळ्या झालेल्या भिंतीतून येणाऱ्या उन्हात डोळे बारीक करून शिक्का मारला.

मी बाहेरच्या कारकुनाच्या खिडकीशी गेले. बाई होत्या, स्वेटर विणत होत्या.

"अपील करायचंय."

"कशाविरुद्ध?"

"परवाना काढून घेतल्याविरुद्ध."

"घटनेचा नोंद क्रमांक?"

"नोंद नाहीये."

"मग घटना नाही. घटना नाही तर अपील कशावर करणार, बाळ?" सुई थांबली. त्यांनी खिडकीतून वाकून पूर्वेकडे पाहिलं. तिथून आता थेट पलीकडचा रस्ता दिसत होता. "उजेड छान यायला लागला हो."

म्हणजे हिशेब असा, की चिखलानं धरून ठेवलेल्या गोटीवर आत्या अकरा वर्षं दरीच्या काठानं गाडी हाकत होती तेव्हा तिचा गाडीवर ताबा होता, शिक्क्यासकट होता. आणि ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा सुरक्षित झाली त्या दिवशी तिचा ताबा सुटला, आणि तोही ज्यात विशेष काही घडलं नाही अशा घटनेत. मी हे त्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेखी द्या."

थोरलीला रस्त्यावर यायची परवानगी मिळाली होती आणि आत्याला नव्हती. म्हणून घरी मी चालवत आणली. आत्या माझ्या शेजारी, जिथं मी बसायचे तिथं, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन. मीही त्याच शाळेची विद्यार्थिनी, त्यामुळे पायी चालणाऱ्यांनी आम्हाला मागे टाकलं. एका आजोबांनी तर वळून विचारलं, ढकलू का.

"वळव आता," आत्या म्हणाली. वळण बरंच पुढे होतं.

"आत्या, अजून नाही."

"अगं वळव, कल्पना दे तिला!"

"तिला आता कल्पना द्यावी लागत नाही."

वळण आलं. मी वळवलं. थोरली वळली, मुकाट्यानं, जेवढं सांगितलं तेवढंच. आत्यानं डब्यावरचे हात घट्ट केले होते ते सैल केले.

"इतकं सोपं असतं होय," ती म्हणाली. पुढच्या वळणावर पुन्हा, "इतकी वर्षं मी तुला या बाजूला बसवायचे गं."

"देखावा चांगला होता," मी म्हणाले.

"गप बस, कारकून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून मिस्त्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत गेली. तिथं परवाना लागत नाही. पंधरा मिनिटं म्हणता तिनं तीन दिवस काढले. मिस्त्री शेडच्या दारात स्टुलावर बसून बघायचा आणि काही बोलायचा नाही. न बोलण्याची एवढी मजा त्यानं जन्मात घेतली नसेल. चौथ्या दिवशी तिनं जुन्या टायरांभोवती आठ काढला, असा की टायरांना वारासुद्धा लागला नाही. तिचे हात आता नव्या थोरलीला ओळखतात. पण परवाना टेबलाच्या खणात आहे, टेबल त्या खोलीत आहे आणि खोलीला सध्या तीन भिंती आहेत.

मी वस्त्यांवर तिला घेऊन जातेय. मंद, पण जातेय. मात्र पहिल्या तारखेला मला दुसऱ्या गावी नोकरीवर हजर व्हायचंय. त्याला नऊ दिवस उरलेत. त्यानंतर थोरली पास, आत्या तयार, मेंढ्या आजारी आणि चाकामागची जागा रिकामी. वरच्या वस्तीतून कालच निरोप आला, एक खेचर लंगडतंय. खेचराचा सांधा सैल झालाय. त्याला अर्थात कुणी शिक्का मारून ठणठणीत म्हटलेलं नाही, एवढं त्याचं नशीब थोर.

तर त्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे लेखी दिलेलं आहे. सोबत पत्र्याचा डबा जोडला आहे. मजकूर खालीलप्रमाणे.

प्रति, मा. कार्यालय प्रमुख, वाहन तपासणी कार्यालय (पूर्वेकडील खोली, भिंतीतून थेट प्रवेश).

विषय : ताबा परत मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपल्या आवारात अमुक तारखेस विशेष काही घडलेले नाही, ही आपली नोंद अर्जदारास पूर्णतः मान्य आहे. सबब, न घडलेल्या घटनेबद्दल काढून घेतलेला अर्जदाराच्या आत्याचा परवाना हा काढून घेतलेलाच नाही असे समजून तो परतीच्या टपालाने, येत्या नऊ दिवसांच्या आत, पाठविण्यात यावा. हे नियमात बसत नसल्यास, सोबतच्या डब्यातील चार जुने सांधे, जे आपण सलग अकरा वर्षे उत्तम, त्यांपैकी एकदा अति उत्तम ठरविले आहेत, ते कार्यालयाच्या खर्चाने कोणत्याही एका जीपला बसवून, त्या जीपमधून महोदयांनी स्वतः वरच्या सातव्या वस्तीपर्यंत एक फेरी करावी. फेरीदरम्यान महोदयांची आसनव्यवस्था दरीच्या बाजूस असावी, वाहन चिखल वाळलेल्या ऋतूत न्यावे, आणि चाळीसही वळणांवर महोदयांनी वाहनातून उतरून, गुडघे टेकून, वाकून, सांधा जागेवर असल्याची खात्री करावी व तसा शिक्का प्रत्येक वळणावर उमटवावा, ही नम्र विनंती.